रत्नागिरीतला बुधवारचा डुप्लिकेट ब्रिज: बचाव शिकायचा असेल तर जरूर या

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर दर बुधवारी संध्याकाळी पाचला डुप्लिकेट ब्रिज बसतो. मी पावसहून जाते, भिडू माझे मोठे दीर. पत्ते खेळायला जागा कुठेही मिळते. इथे खेळ संपल्यावर तो उलगडून दाखवतात, आणि त्यासाठी भाट्याच्या पुलावरून रात्री नऊला परत यायची माझी तयारी असते.

आपल्याकडे गणपतीत मेंढीकोट आणि ३०४ घरोघर चालतात, त्यामुळे डुप्लिकेट म्हणजे काय ते आधी सांगते. डाव झाला की पानं मिसळत नाहीत. प्रत्येक जण आपली १३ पानं बोर्डाच्या आपल्या दिशेच्या खणात परत ठेवतो आणि तो बोर्ड तसाच पुढच्या टेबलावर जातो. तुमचीच पानं तिथे दुसरं कुणीतरी खेळतं. तुलना होते ती त्यांच्याशी. ‘पानंच आली नाहीत’ हे वाक्य इथे कुणाच्या उपयोगाचं नाही.

सामान चांगलं ठेवलंय. पत्ते पूर्ण प्लास्टिकचे आहेत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये याची किंमत कळते. खाऱ्या दमट हवेत कागदी पत्ते फुगतात, चिकटतात, वाटताना दोन-दोन सुटतात. प्रत्येक टेबलावर बिडिंग बॉक्स आहेत, म्हणजे बोली (किती हात करणार आणि हुकूम कुठला, की नो ट्रम्प म्हणजे बिनहुकुमी) तोंडाने नाही, कार्ड काढून समोर ठेवायची. त्यामुळे ‘दोन... नो ट्रम्प?’ असा सूर लावून भिडूला काही सुचवायची सोयच राहत नाही. या बाबतीत इथले डायरेक्टर, म्हणजे खेळ चालवणारे, कडक आहेत आणि मला ते फार आवडतं. विचाराला वेळ लागला तर लागू दे, पण भिडू थबकला यावरून काही ताडून खेळायचं नाही. कुठलं पान आधी टाकायचं यातून भिडूला द्यायचे आपले इशारे कसे ठरलेत हे प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं तर सरळ सांगायचं.

परवाचा ११ नंबरचा बोर्ड सांगते, म्हणजे मी एवढं कौतुक का करते ते कळेल.

या बोर्डावर वाटणारा दक्षिण, आणि कुणीच व्हल्नरेबल (बुडाल्यास जास्त दंड असलेला) नाही. मी पश्चिमेला, भाऊजी पूर्वेला. दक्षिणेने दोन नो ट्रम्प उघडले: २० ते २१ गुण (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक), समतोल पानं. उत्तरेने थेट तीन नो ट्रम्प लावले, म्हणजे बिनहुकुमी नऊ हात. तिच्याकडे सहाच गुण, पण २० आणि सहा २६ झाले, गेमला (बक्षिसाचे जादा गुण देणाऱ्या अशा बोलीला) साधारण २५ लागतात, शिवाय पाच पानांचा भरीव रंग. बोली अगदी बरोबर. बोलीत आम्हाला काही करता येण्यासारखं नव्हतंच, जे करायचं ते बचावात.

माझ्याकडे इस्पिकचे राणी, गुलाम, दश्शी, सत्ती. राणीची उतारी केली. डमी, म्हणजे डिक्लेअररच्या (बोली जिंकून खेळणाऱ्या दक्षिणेच्या) भिडूची उघडी पानं, खाली आली: चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी, आणि बाकी तिन्ही रंगांत एकही चित्र नाही. भाऊजींच्या हातात चौकटचा एक्का, अठ्ठी, चौकी.

डिक्लेअररने इस्पिकच्या एक्क्याने हात घेतला आणि चौकटची तिर्री खेळला. मी दुर्री टाकली, डमीतून राजा आला, भाऊजींनी क्षणही न थांबता चौकी टाकली. डमीतून राणी आली, डिक्लेअररची नव्वी पडली, आणि आता मात्र भाऊजींनी एक्का मारला. इस्पिक परत. डमीत चौकटचे गुलाम, दश्शी, पंजी तसेच बसून राहिले, कारण डिक्लेअररकडची चौकट संपली होती आणि तिथवर जायला वाटच उरली नव्हती. डिक्लेअररला इस्पिकचे दोन, बदामाचे चार, किल्वरचा एक्का आणि चौकटचा एक, असे आठच हात मिळाले. एक हात कमी, आम्हाला ५० गुण.

खेळ संपल्यावर डायरेक्टरांनी सगळ्या टेबलांचे आकडे फळ्यावर लिहिले. पाच टेबलं होती. एका ठिकाणी तीन नो ट्रम्पवर ११ हात, डिक्लेअररला ४६० गुण. दोन ठिकाणी बरोबर नऊ, ४००. आणि दोन ठिकाणी बुडीत. बोली सगळीकडे तीच, उतारी तीच. फरक फक्त चौकटचा एक्का कधी मारला याचा! पहिल्याच वेळी मारला तर डिक्लेअररकडे अजून एक चौकट शिल्लक असते, तिने तो डमीत जातो आणि चौकटचे चार हात घेतो. दोनदा राखून तिसऱ्या वेळी मारला तर त्याला चौकटचे दोन मिळतात, नऊ पुरे होतात. दुसऱ्या वेळी मारला तरच बुडतो.

मग त्यांनी आम्हाला उभं केलं.

“वहिनी, पहिल्या चौकटला कुठलं पान टाकलंत?”

“दुर्री.”

“का?”

“तीन पानं होती. विषम असली की लहान आधी, सम असली की मोठं आधी, असं आमचं ठरलंय.”

“आणि भाऊ, तुम्ही काय मोजलंत?”

भाऊजी म्हणाले, “डमीत पाच, माझी तीन, राहिली पाच. हिची तीन, म्हणजे त्याची दोन. दुसऱ्याला घ्यायचा, हे दुर्री पडली तेव्हाच ठरलं.”

माझी दुर्री एकटीच असती तर डिक्लेअररकडे चार चौकट निघाल्या असत्या आणि एक्का कधीही मारून उपयोग नव्हता, हेही डायरेक्टरांनी मांडून दाखवलं. ज्यांनी एक्का दोनदा राखला होता त्यांच्यावर ते चढले नाहीत. डिक्लेअररकडे तीन चौकट असत्या तर तेच बरोबर ठरलं असतं, असं त्यांनी आधी सांगितलं. एक्का राखायचा की नाही हे डमी दिसताच मनाशी ठरवून ठेवावं, कारण आयत्या वेळी घुटमळलात की एक्का कुणाकडे आहे ते सगळ्या टेबलाला कळतं, हेही त्यांनीच शिकवलेलं. त्या बोर्डावर आम्हाला चारपैकी साडेतीन मॅचपॉइंट मिळाले (मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीचा एक, बरोबरीचा अर्धा).

भिंतीवर एक कात्रण आहे: २०१८, जकार्ता आशियाई खेळ, प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार, पुरुष जोडीचं सुवर्ण. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. पत्ते म्हणजे जुगार असं म्हणणाऱ्या घरच्यांना खुशाल आणून हे दाखवा. इथे पैसे लावून खेळत नाहीत. माणशी टेबल फी ७० रुपये, चहा-बिस्किटं त्यातच.

उणिवा आहेत. जिना उंच आहे आणि खेळणारे बरेचसे सत्तरीचे. गुडघे दुखणाऱ्यांना उत्तर-दक्षिण बसवतात, म्हणजे दर फेरीला टेबल बदलावं लागत नाही, पण वर चढून यावं लागतंच. खिडकीजवळच्या टेबलावर उजेड कमी पडतो, तिथे इस्पिक आणि किल्वर ओळखायला डोळे ताणावे लागतात. एक जादा ट्यूब लावली तर भागेल. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. डावांची छापील पानं सगळ्यांना पुरत नाहीत, घरी जाऊन पुन्हा बघायचं तर फळ्याचा फोटो घ्यावा लागतो. आणि अगदी नवख्यांसाठी वेगळा वर्ग नाही. ज्याला गुण मोजून एक नो ट्रम्प उघडता येत नाही, त्याची इथे दमछाक होईल. त्याने आधी घरी किंवा संगणकावर महिनाभर सराव करावा.

एप्रिल-मेमध्ये आमच्यासारखे बागवाले आंब्यात अडकतात आणि कधी कधी तीन टेबलंही भरत नाहीत. भरलेला खेळ हवा असेल तर जूननंतर या. एकटे येणार असाल तर साडेचारलाच पोहोचा, डायरेक्टर भिडू शोधून देतात. आणि इशारे काय ठरवायचे ते त्याच्याशी पहिल्या बोर्डाआधी बोलून घ्या, निदान सम-विषमचा तरी.