खुबा बदलताना: ठरलेला अँगल की आपल्या हाडाप्रमाणे?

खुब्याचं ऑपरेशन ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, रोबोटवालं करायचं की साधं? कुडाळ-कणकवलीकडचे लोक गोवा, कोल्हापूर, मुंबई तिन्हीकडची कोटेशनं घेऊन बसतात आणि घरात वाद. पण खरं विचारायचंय ते वेगळंच, कपचा (खोबणीत बसवायची कृत्रिम वाटी, तिच्यात मांडीच्या हाडावरचा नवा बॉल फिरतो) अँगल कोण ठरवणार आणि कशावरून.

एक पद्धत म्हणजे सगळ्यांना एकच माप. १९७८ पासून चालत आलेला लुइनेक या सर्जनचा 'सेफ झोन', कप ४० अंश तिरका, १५ अंश पुढे झुकलेला, दोन्हीत १० इकडेतिकडे. सोपं आहे, बऱ्याच जणांना चालूनही जातं. पण कप या मापात बसवूनही बॉल निखळतो हे नंतर दिसलंच, कारण खोबणीचा आणि मांडीच्या हाडाचा पीळ माणसागणिक वेगळा, आणि वर कंबर.

कंबरेचं जरा नीट बघा हां. आपण बसतो तेव्हा कंबरेचं हाड मागे कलतं आणि कप आपोआप पुढून उघडतो, बॉलला जागा मिळते. मणके ताठ झालेले असतील किंवा स्क्रू टाकलेत तर ते कलतच नाही, मग गणपतीत आरती झाल्यावर आजी खाली पाटावर बसायला वाकली की हाडाला हाड अडतं आणि बॉल मागे सटकायची भीती. म्हणून मणक्याचा त्रास असेल तर उभं आणि बसलेलं असे दोन्ही एक्सरे काढतात का ते विचाराच, काही डॉक्टर अशांना ड्युअल मोबिलिटी कप (दोन ठिकाणी फिरणारा, सहजी न निखळणारा) घालतात.

दुसरी पद्धत तुमच्या हाडाप्रमाणे, आणि त्याला रोबोट लागतोच असं नाही. खोबणीच्या खालच्या काठाला आडवा लिगामेंट असतो, कप त्याला समांतर ठेवणारे सर्जन आहेत. पायाची लांबी आणि ऑफसेट (मांडीचं हाड बॉलच्या मध्यापासून किती बाहेर ते अंतर) साध्या एक्सरेवर आधी आखता येतं. ऑफसेट कमी पडला तर स्नायू ढिले आणि लंगडणं आलं.

रोबोट म्हणजे गवंड्याचा ओळंबा, चिरा सरळ बसेल पण भिंत कुठे घालायची ते त्याला सांगावं लागतं. अचूकता वाढते हे खरं, पण पुढे चालणं-फिरणं त्याने ठळक सुधारतं असं अजून पक्कं ठरलेलं नाही.

साधी झीज, मणका बरा, हात बसलेला सर्जन असेल तर मी जास्तीचे पैसे घालणार नाही. जन्मतः उथळ खोबण, जुनं फ्रॅक्चर किंवा ताठ मणका असेल तर मात्र सीटीवर प्लॅन करणाऱ्याकडे जा, मग तो रोबोट वापरो नायतर न वापरो.