परवाना, गिऱ्हाइकाला शिक्षा की गुन्हेमुक्ती?

देहविक्रीला कायद्याने मान्यता द्यावी का, यावर मत बनवायचं तर आधी मान्यता कोणत्या पद्धतीची हे ठरवावं लागतं. जर्मनीची नोंदणी, स्वीडनची गिऱ्हाइकाला शिक्षा आणि न्यूझीलंडने २००३ मध्ये धरलेली गुन्हेमुक्तीची, म्हणजे हे काम गुन्ह्यांतून वगळण्याची वाट, या तिन्ही मी पुण्यातली देहविक्रीची वस्ती, बुधवार पेठ, डोळ्यांसमोर ठेवून ताडून पाहिल्या आहेत.

स्वीडनमध्ये १९९९ पासून विकणारी नाही, विकत घेणारा गुन्हेगार. फसवून आणलेल्या मुलींसाठी झटणाऱ्यांना हा कायदा जवळचा वाटतो, ते मी समजू शकतो. पण घाबरलेलं गिऱ्हाईक घाई करतं, आडबाजूला बोलावतं. माणूस कसा आहे हे जोखायला आणि निरोधासाठी अडून बसायला बाईला सवडच मिळत नाही. छापा पडून गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल बुधवारातल्या बायका हेच सांगतात.

जर्मनीने २००२ मध्ये या कामाला मान्यता दिली आणि २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. नोंदणीचं कार्ड कामाच्या वेळी जवळ बाळगायचं. वाचताना हीच पद्धत सर्वांत सुटसुटीत वाटते, आणि मलाही बरेच दिवस वाटत होती.

माझं मन फिरलं ते यादीपाशी. कोरोनाच्या काळात राज्य सरकारने या बायकांना तीन महिने दरमहा ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, तेव्हा नावं लिहून घ्यायला मी मदत करत होतो. हातात आधार कार्ड घेऊन आलेली एक ताई माझ्यासमोर बसली, पण कार्ड काही पुढे करेना. ‘‘दादा, हे नाव हापिसात कुणीतरी मोठ्याने वाचणारच ना? पोरगी गावी आजीकडे आहे, बारावीला.’’ घरभाडं थकलेलं, गिऱ्हाईक बंद, तरी ती पैसे न घेता उठून गेली. मदतीसाठी जी नाव देत नाही, ती परवान्यासाठी देईल असं मला तरी वाटत नाही. आणि परवाना नाही म्हटलं की ती परत पोलिसांच्या तावडीत. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असेलही, माझ्यापुरता नोंदणीचा विषय तिथेच संपला.

न्यूझीलंडमध्ये चार जणींपर्यंत बायका आपापल्या कमाईच्या मालक राहून एकत्र काम करत असतील, तर त्यांना परवाना लागत नाही. जबरदस्ती आणि अल्पवयीन मुलींचा वापर हे गुन्हेच राहतात. उणीव आहे ती परक्या बायकांबाबत: तात्पुरत्या व्हिसावर आलेलीला तिथे हे काम करता येत नाही. नेपाळमधून आलेल्या बायका बुधवारातही आहेत, त्यामुळे हा कायदा जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणणार नाही. तरी माझा कौल तिकडेच.

आपल्याकडे देहविक्री हा मुळात गुन्हा नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना या बायकांशी सन्मानाने वागायला बजावलं. पण अनैतिक व्यापार रोखण्यासाठीचा १९५६ चा पिटा कायदा कायम आहे. सातवं कलम देवळापासून, शाळेपासून २०० मीटरच्या आत हे काम करू देत नाही, आणि पेठेत तेवढ्या अंतरात देऊळ नाही अशी जागा शोधून सापडायची नाही. चौथ्या कलमाने तर आईच्या कमाईवर कॉलेज शिकणारा मुलगा अठरा ओलांडताच आरोपी ठरू शकतो. माझ्या मते आधी चौथं, सातवं आणि जाहीरपणे गिऱ्हाईक बोलावण्याबद्दलचं आठवं कलम या बायकांवरून आणि त्यांच्या मुलांवरून उठवावं. बाईला धंद्यात आणणाऱ्यावरचं पाचवं आणि डांबून ठेवणाऱ्यावरचं सहावं मात्र आहे तितकंच कडक ठेवावं.