ई-माउंटन बाईक: अकरा महिने, सतराशे किलोमीटर आणि बंद असलेल्या वाटा

ही बाईक, म्हणजे मोटर लावलेली डोंगरवाटांची सायकल, घेण्याआधी मी महिनाभर मोटर आणि बॅटरीबद्दल वाचत होते. ती कुठे चालवू देतात, याची चौकशी मात्र केलीच नव्हती. आता सांगते, आधी ती चौकशी करा.

मी कोलोरॅडोत गोल्डन गावाजवळ राहते. कॉलेजात असताना सिंहगडाचा घाट सायकलने चढायचे. बावन्नाव्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, सायकल चालवा पण चढावर जोर लावू नका. इथे घराबाहेर पडलं की चढच. म्हणून ही बाईक: मोटर पॅडलपाशी, 85 न्यूटन-मीटर टॉर्क, 625 वॉट-अवरची बॅटरी, वजन 24 किलो. थ्रॉटल, म्हणजे पॅडल न मारता मोटर चालवायची मूठ किंवा बटण, नाही. पॅडल मारलं तरच मोटर साथ देते आणि वेग ताशी 20 मैलांवर, म्हणजे 32 किलोमीटरवर गेला की थांबते. याला इथे क्लास 1 म्हणतात. क्लास 2 ला थ्रॉटल असतो, क्लास 3 ची मोटर 28 मैलांपर्यंत साथ देते. दुकानात क्लास 2 स्वस्तात मिळत होती. ती घेतली नाही ते फार बरं झालं, कारण आमच्या जेफरसन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ओपन स्पेसमध्ये, म्हणजे तिने राखलेल्या मोकळ्या जागांत, मातीच्या वाटांवर फक्त क्लास 1 ला परवानगी आहे.

चढाचं सुख काय सांगू! एपेक्स पार्कच्या दगडाळ वळणांवर पूर्वी मी उतरून सायकल ढकलायचे. आता मोटरची साथ सगळ्यात कमी ठेवून, दम लागत पण गुडघा न दुखता वर पोचते. घाम तेवढाच येतो. मोटर असली की व्यायाम होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

दुसऱ्याच महिन्यात लेकीबरोबर बफेलो क्रीकला गेलो. तासाभराचा रस्ता. बाईक उतरवल्या, हेल्मेट चढवलं आणि वाटेच्या तोंडाशी पाटी दिसली: मोटर वाहनांना बंदी. लेक म्हणाली, “आई, तुझी नाही चालणार.” तो भाग पाइक नॅशनल फॉरेस्टचा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे केंद्राच्या वनखात्याच्या, नियमांत ई-बाईक मोटर वाहनात मोडते. ज्या वाटा त्यांनी मोटर वाहनांसाठी किंवा खास ई-बाईकसाठी खुल्या केल्यात, तिथेच ती न्यायची. चूक माझीच. लेक दोन तास फिरून आली, मी गाडीजवळ बसून राहिले. तेव्हापासून निघण्याआधी जमीन कोणाची ते नकाशावर बघतेच, कारण गावाची, काउंटीची आणि केंद्राची हद्द एकमेकीला लागून असते आणि नियम मात्र तिघांचे तीन. वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात तर 1964 च्या कायद्याने साधी सायकलही चालत नाही.

याउलट युटातल्या मोआबची स्लिकरॉक ट्रेल. ती 1969 साली मोटरसायकलींसाठीच आखलेली, त्यामुळे ई-बाईकला कोणी अडवत नाही. वाळूच्या दगडाच्या त्या घोटीव चढांवर टायर असा चिकटतो की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

क्लास 1 ला आणखी वाटा खुल्या व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. पण मोटरची वेगमर्यादा काढून टाकणाऱ्यांचा संताप येतो. त्यांच्या बाईक वरून माझ्यासारख्याच दिसतात. एकाने वळणावर कोणाला ठोकलं की वाट सगळ्यांचीच बंद होणार. बर्फ वितळल्यावरच्या चिखलात तर जाऊच नये. मार्चमध्ये एकदा गेले, मागे वळून पाहिलं तर दोन बोटं खोल चर. तो सुकून दगडासारखा झाला, मे महिन्यातही तसाच होता. तिथून जाताना आजही वाईट वाटतं. घोडा समोर आला की मी उताराच्या बाजूला उतरून उभी राहते आणि घोडेस्वाराशी मोठ्याने दोन शब्द बोलते. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही.

देखभालीचं थोडक्यात: ब्रेक पॅड दोनदा बदलले, चेन अकराशे किलोमीटरवर गेली. उतारावर मोटरमधून खडखड आवाज यायचा. वॉरंटीत दुरुस्त झाली, पण तीन आठवडे बाईकविना काढले. कडाक्याच्या थंडीत बॅटरी पाऊण भागच टिकते, म्हणून रात्री ती घरात आणते. कारच्या रॅकवर चढवताना बॅटरी काढून घ्या, साडेतीन किलो कमी होतात.

डिसेंबरात पुण्याला जाताना ही सोबत न्यायची फार इच्छा होती. पण प्रवाशाला विमानात 160 वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही. मग भावाची जुनी सायकल घेऊन पहाटे सिंहगडाकडे निघाले. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गुडघा ठणकायला लागला. दगडावर बसून खडकवासल्याच्या पाण्यावर ऊन येईपर्यंत थांबले आणि सावकाश खाली उतरले.