आठवड्यात तीन किलो उतरवून देणाऱ्यांपासून जपा

बाळंतपणानंतरचे पहिले सात-आठ महिने वजन हळूहळू उतरत जातं आणि मग काटा एका आकड्यावर अडकतो. महिना होतो, दीड महिना होतो, आकडा हलत नाही. फसवणाऱ्यांचं गिऱ्हाईक नेमकं याच टप्प्यावर असतं. एरवी 'झटपट बारीक व्हा' म्हणणाऱ्याकडे ढुंकूनही न बघणारी बाई या वेळी हवालदिल झालेली असते. 'तुमचं काही चुकत नाहीये, तुमचं मेटाबॉलिझम बंद पडलंय' असं कुणी म्हटलं की तिला वाटतं, अखेर कुणाला तरी आपलं कळलं. तिथून पुढचा साचा जवळजवळ ठरलेला आहे.

सुरुवात होते फुकटच्या 'बॉडी स्कॅन'ने. ते यंत्र तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि शरीर त्याला किती विरोध करतं ते मोजतं. चरबी, स्नायू, 'मेटाबॉलिक वय' यांतलं काहीच ते थेट मोजत नाही. वजन, उंची, वय आणि तो विरोध सूत्रात घालून अंदाज काढतं. उंची चार सेंटिमीटर कमी भरली की चरबीची टक्केवारी आपोआप चढते. पहिलं माप संध्याकाळी, जेवण-पाणी झाल्यावर, अंगावरच्या कपड्यांसकट घेतात. दुसरं आठवड्याने, सकाळी उपाशीपोटी. एवढ्यानेच किलो-दीड किलोचा फरक पडतो. मापाच्या कागदावर तुमची उंची काय लिहिली आहे ते आधी वाचा. 'तुमचं शरीर ४७ वर्षांचं झालंय' या वाक्याने घाबरून जाऊ नका, ते सूत्रातून निघालेलं असतं.

मग पहिल्या आठवड्याचा संच येतो: दोन जेवणांऐवजी शेक, कर्बोदकं जवळजवळ बंद, रात्री 'डिटॉक्स' चहा. आठवड्यात तीन किलो खरंच उतरतात. इथेच बहुतेकींचा विश्वास बसतो, म्हणून हा हिशोब नीट समजून घ्या. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांपासून बनलेला साखरेचा साठा, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा रिकामा होतो आणि दीड-दोन किलो त्यातच जातात. उरलेलं वजन आतड्यातलं कमी झालेलं अन्न आणि मिठाबरोबर बाहेर पडलेलं पाणी.

ही चरबी नव्हे, हे गणितानेच कळतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. सात दिवसांत तीन किलो चरबी जाळायची तर रोज ३,३०० किलोकॅलरीची तूट हवी. ३२ वर्षं वय, १५८ सेंमी उंची आणि ७२ किलो वजन असलेल्या बाईचा पूर्ण दिवसाचा खर्च, बेताची हालचाल धरून, १,९५० च्या आसपास असतो. पूर्ण स्तनपान चालू असेल तर त्यात सुमारे ५०० मिळवा. म्हणजे आठवडाभर तिने घासही खाल्ला नाही तरी तीन किलो चरबी जळणार नाही.

डिटॉक्स चहात बहुधा सोनामुखी ही जुलाब करणारी वनस्पती असते. तिचं काम मोठ्या आतड्यात चालतं, तर अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात बहुतांशी शोषल्या गेलेल्या असतात. बाहेर पडतं ते पाणी आणि त्यासोबत पोटॅशियम. चहा बंद केला की दोन-चार दिवसांत पाणी परत साठतं, पोट साफ होत नाही, वजन किलो-दोन किलो वाढतं. विकणारा म्हणतो, 'बघा, सोडलंत आणि वाढलं.' लगेच तीन महिन्यांचा संच गळ्यात पडतो. वजन वाढवणारा आणि त्यावरचा इलाज विकणारा एकच असतो, हे त्या बाईच्या लक्षात यायला फार उशीर लागतो.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी यात आणखी एक धोका आहे. दूध चालू असताना कर्बोदकं जवळजवळ बंद केली तर क्वचित रक्तात आम्ल साचतं. मळमळ, उलट्या, धाप, पराकोटीचा थकवा अशी लक्षणं दिसली तर ते 'विषद्रव्यं बाहेर पडतायत' म्हणून सोसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

सगळ्यात घातक म्हणजे 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूल. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० साली युरोप आणि अमेरिकेत मागे घेतलं गेलं. तरीही वनस्पतीजन्य म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये ते पुन्हा पुन्हा सापडलं आहे. जुलाबाचं फिनॉल्फ्थॅलिन, लघवी वाढवणारी औषधं, थायरॉइडचं हार्मोन यांचीही भेसळ आढळते. ओळखायचं कसं? पहिल्या-दुसऱ्या दिवशीच भूक पार मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, छाती धडधडायला लागली, तर आत औषध आहे असं समजा आणि कॅप्सूल थांबवा. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता अशा बाईला हा धोका कितीतरी जास्त. लेबलावर दहा वनस्पतींची नावं आणि समोर एकूण वजन फक्त 'खास मिश्रण' म्हणून दिलेलं असेल, प्रत्येकीचे मिलिग्रॅम नसतील, तर ते लेबल काहीच सांगत नाही. आईच्या पोटात जाणारी पुष्कळ औषधं दुधात उतरतात, आणि या डबीत काय आहे हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

पैसे जातात ते जातातच, पण त्याहून मोठं नुकसान वेळेचं होतं. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते. आधी काही आठवडे ग्रंथी जास्त हार्मोन सोडते, वजन पटापट उतरतं. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास ती मंदावते: वजन अडकतं, थंडी वाजते, त्वचा कोरडी पडते, मन उदास राहतं. ज्या वेळी रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) आणि फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) तपासायला हवं, त्याच वेळी ही बाई शेक पीत बसलेली असते. तपासणीतही एक खाच आहे. बाळंतपणानंतर केस गळतात म्हणून घेतलेल्या ५-१० मिलिग्रॅम बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दाखवतात. मंदावलेली ग्रंथी मग अहवालात ठणठणीत दिसते. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि ते घेत होतो हे प्रयोगशाळेत सांगा.

थायरॉइड ठीक निघाला तर? तरीही मेटाबॉलिझम 'बंद' पडलेलं नसतं. वर सांगितलेलीच बाई ८० किलोची असताना तिचा दिवसाचा खर्च २,०५० च्या आसपास होता. ७२ किलोला तो सुमारे १०० ने कमी झाला. प्रत्यक्षात शरीर आणखी थोडी काटकसर करतं आणि भूक वाढवतं, पण दुरुस्त होणार नाही असं त्यात काही नाही. फार कमी लोक ज्याकडे बघतात ते कारण दुधाचं. सहाव्या महिन्यानंतर बाळ वरचं खाऊ लागतं, अंगावरचं दूध कमी होत जातं आणि त्यावर होणारा खर्चही घटतो. ताटातलं प्रमाण मात्र तेच राहतं. त्यात बाळाच्या वाटीतलं उरलेलं. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डाएट करूनही आपलं वजन उतरत नाही असं सांगणाऱ्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं होतं. हा खोटेपणा नव्हे. बाळ सांभाळताना उभ्याउभ्या तोंडात टाकलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आधी वजन खरंच अडकलंय का ते ठरवा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पाळी परत सुरू झाली असेल तर तिच्या आधीच्या आठवड्यात किलो-दोन किलो पाणी साठू शकतं, म्हणून तुलना चक्राच्या त्याच आठवड्याशी करा. चार आठवड्यांत सरासरीही हलली नाही आणि कंबरही, तरच वजन अडकलं म्हणायचं. मग दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं तोलून लिहा. तेल चमच्याने नव्हे, ग्रॅममध्ये. १४ ग्रॅम तेलात सुमारे १२५ किलोकॅलरी असतात. नोंदीत दिसलेल्या रोजच्या एकूण खाण्यातून २०० ते ३०० किलोकॅलरी कमी करा, अधिक नको. पूर्ण स्तनपान असेल तर साधारण १,८०० च्या खाली जाऊ नका आणि आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नका. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ७२ किलोला ८६ ते ११५ ग्रॅम. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आठवड्यात दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. झोपेचे तुकडे होत असतील तर आधी रात्री बाळाला सांभाळण्याची एक पाळी घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. झोप अपुरी असताना उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा घटतो आणि स्नायू जास्त जातात.

काटा उतरतो पण पोट तसंच, अशा वेळी पट्टे विकणारे येतात. पोटाच्या मधल्या स्नायूंत पडलेली फट पट्ट्याने मिटत नाही. पाठीवर झोपून डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटांनी चाचपा. दोन बोटांहून जास्त जागा लागली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

करार करताना 'सात दिवस मोफत' याखाली आपोआप पैसे वळते होण्याची संमती आहे का ते वाचा. पैसे परत देण्याची हमी बहुधा 'पाकीट न उघडता' किंवा 'नव्वद दिवसांची नोंद एकही दिवस न चुकवता' अशा अटींखाली दबलेली असते.

आधीच अडकला असाल तर वर्गणी लेखी रद्द करा आणि बँकेला ती वजावट थांबवायला सांगा. कॅप्सूलची बाटली रागाने फेकू नका. बॅच नंबर दिसेल असा फोटो काढा, उरलेल्या कॅप्सूल तशाच ठेवा आणि औषध नियामक यंत्रणेकडे तक्रार करा. रक्तदाब, नाडी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. अंगावर पाजत असाल तर बाळाच्या डॉक्टरांनाही तीच बाटली दाखवा, आणि बाळ नेहमीपेक्षा जास्त चिडचिडं झालंय का, झोपतं का, नीट पितं का, हे त्यांना तारखांसकट सांगा.