मायलेज वाढवून देतो म्हणून ९,८४९ रुपये घेतले, इंदूरवाल्यांनो सावध

आधी आकडे लिहून टाकते, म्हणजे ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांना एवढं तरी कळेल. मशीन ५,४९९. फिटिंग ६००. 'इंजन डीकार्बन' २,४००. अ‍ॅडिटिव्हच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये टाकायच्या औषधाच्या, तीन बाटल्या, ४५० प्रमाणे १,३५०. एकूण ९,८४९ रुपये, सगळे यूपीआयने, आणि तेही दुकानाच्या नावावर नाही तर कुणा भलत्याच माणसाच्या खात्यावर. गाडीचं मायलेज आधी ११.५ होतं, नंतर ११.३.

गाडी सँट्रो झिंग, २००९ ची. विकून टाका हा सल्ला कृपा करून देऊ नका, तो मला पोलीस ठाण्यातसुद्धा मिळालाय, त्यावर पुढे लिहिते. पंधरा वर्षं झाली म्हणून फिटनेस करून आरसी रिन्यू केली, नुसती सरकारी फीच ५,००० होती, त्यावर पाच वर्षं मिळाली, आणि विकायला गेलं तर लोक भंगाराचा भाव सांगतात. गाडी चांगली आहे, सुदामा नगरहून राऊच्या बाजूला शाळेत रोज जाते-येते. मी शाळेत गणित शिकवते. हे मुद्दाम सांगतेय, कारण घरी आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनी पहिलं हेच ऐकवलं की तू कशी फसलीस. जो माणूस समोर पंपाची पावती धरून भागाकार करून दाखवतो त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. भागाकार बरोबरच होता. खोटं होतं ते पावतीवरचं लिटर.

मी प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना किलोमीटर आणि लिटर डायरीत लिहिते, गाडी घेतली तेव्हापासून. त्यामुळे मला नक्की माहीत होतं की शहरात १४ देणारी गाडी हळूहळू ११.५ वर आलीय. इंदूरमध्ये पेट्रोल १०६ च्या वर आहे, महिन्याला किती फरक पडतो ते ज्याचं त्याला कळेल. आणि सगळीकडे एकच चर्चा चाललेली, ई-२०, ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आता त्यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या, ई-० (इथेनॉल नसलेलं पेट्रोल) साठी बनवलेल्या आणि ई-१० (दहा टक्के इथेनॉल) ला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी पडेल. पण १४ चे ७ टक्के म्हणजे एक सुद्धा नाही. १४ चं १३ व्हावं, ११.५ नाही. बाकीचा दीड कुठे गेला हा प्रश्न मला पडला होता, आणि बरोबर तिथेच या लोकांनी हात घातला.

मोबाइलवर जाहिरात दिसली, 'पुरानी गाड़ी, ई-२० की मार, माइलेज २० के ऊपर, नहीं तो पैसे वापस'. पत्ता इंदूरचाच. गाळा होता एका ऑटो अ‍ॅक्सेसरीजच्या लाइनीत, भाग लिहीत नाही कारण शेजारचे दुकानदार साधे लोक आहेत, त्यांनीच नंतर मला खरं सांगितलं. आत स्वच्छ काउंटर, भिंतीवर सर्टिफिकेटं, लॅपटॉपवर ग्राफ. "मैडम, आपकी गाड़ी इथेनॉल को पहचानती ही नहीं है, ये मशीन ईसीयू को सिखाएगी." ईसीयू म्हणजे इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर. मशीन म्हणजे काडेपेटीएवढी डबी, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर तपासतात त्या सॉकेटमध्ये, लावायची, लावली की हिरवा दिवा लुकलुकतो. सोबत पेट्रोलच्या पाइपला दोन लोहचुंबक. मग म्हणे आत कार्बन खूप आहे, तो काढला नाही तर मशीनचा रिझल्ट येणार नाही, म्हणून डीकार्बन, आणि डीकार्बन टिकावं म्हणून बाटल्या. एकात एक अडकवलेलं. आपण मशीनला हो म्हटलं की पुढच्या कशालाच नाही म्हणता येत नाही. असं कोणी एकावर एक जोडायला लागलं की तिथूनच उठा.

आता तो टेस्ट ड्राइव्ह, ज्याच्या विचाराने मला अजून रात्री झोप लागत नाही.

फिटिंग झाल्यावर त्यांच्या दुकानातला मुलगा माझ्याबरोबर गाडीत बसला. पहिल्यांदा पंपावर टाकी फुल. नॉझल टक् करून बंद पडला तरी तो उतरला, डिकीवर हात ठेवून गाडी मागून हलवली, पुन्हा भरायला लावलं, पुन्हा हलवली, असं करत अगदी गळ्याशी पेट्रोल दिसेपर्यंत. मग राऊ सर्कलहून बायपासला, एसी बंद ("टेस्टिंग में एसी नहीं चलाते मैडम"), पन्नासच्या स्पीडने एकसारखं, कुठे सिग्नल नाही, कुठे ब्रेक नाही. परत आल्यावर दुसऱ्या पंपावर नेलं, तिथे गाडी किंचित उतारावर उभी करवली, आणि नॉझलने पहिल्यांदा टक् केलं की लगेच हा म्हणाला "बस भिया, ऑटो कट हो गया, रहने दो". ४६ किलोमीटर, पावतीवर २.१७ लिटर. २१.२ चं अ‍ॅव्हरेज. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर माझ्याकडूनच करवून घेतलं.

मी विचारलं होतं. हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहितेय, मी डोळे मिटून बसले नव्हते. मी म्हटलं, मघाशी हलवून हलवून भरलं, आता का नाही? तो हसून म्हणाला, "मैडम दोनों बार ऑटो कट ही है, वो तो हवा निकाली थी." आणि मागे गाड्यांची लाइन, हॉर्न वाजतायत, पंपावरचा माणूस पैसे मागतोय. तेवढ्या एका मिनिटात ९,८४९ रुपये गेले, कारण पेमेंट त्यानंतर केलं. नॉझलच्या त्या टक् आवाजाला मी "अजून भर" म्हटलं असतं तर तिथल्या तिथे त्यांचं पितळ उघडं पडलं असतं. हे मी नंतर करून बघितलंय. त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरलं, मग त्याच्यासारखं हलवून गळ्यापर्यंत भरवलं, तर ०.९४ लिटर आणखी गेलं. (एरवी असं कधी भरू नका, गाडीला चांगलं नाही.) ते ०.९४ त्या २.१७ मध्ये मिळवा, ३.११. ४६ ला ३.११ ने भागा, १४.८. एसी बंद ठेवून हायवेवर पन्नासने चालवली तर कुठलीही जुनी सँट्रो एवढं देईल, त्यात मशीनचं काही नाही.

म्हणून जो कोणी अ‍ॅव्हरेज काढून दाखवेल त्याला सांगा, एकच पंप, एकच नॉझल, गाडी त्याच जागी उभी, दोन्ही वेळा पहिल्या कटला थांबायचं, आणि टेस्ट ४०-५० किलोमीटरची नाही, पूर्ण टाकीची. चाळीस किलोमीटरच्या टेस्टमध्ये एक लिटर इकडचा तिकडे झाला की सगळं गणितच फिरतं. तयार नसेल तर तो चोर आहे.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्या टाकीला ११.४. फोन केला तर "ईसीयू सीख रहा है, ५०० किलोमीटर चलने दो". दुसऱ्या टाकीला ११.३. तर म्हणे बाटली टाकली का, टायरमध्ये हवा किती, एसी किती चालवता. 'पैसे वापस'ची मुदत ३० दिवस होती आणि हे शिकवणं, चालू देणं, बाटली टाकणं सगळं त्या ३० दिवसांत बसवलेलं. मुदत संपली तसा फोन बंद. गाळ्यावर गेले तर दुसराच माणूस, म्हणे ते भाड्याने होते, गेले. शेजारच्यांनी सांगितलं की तुमच्यासारखे रोज येतात.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंग करतो, त्याने डबी उघडली. ओबीडीला सोळा पिना असतात, त्यातल्या १६ नंबरवर बॅटरीचा करंट येतो, ४ आणि ५ वर अर्थिंग, बाकीच्या काहींवर गाडीचा कॉम्प्युटर बोलतो. या डबीत फक्त करंट आणि अर्थिंगच्या पिनांना तार होती, बाकी पिना नुसत्या प्लास्टिकमध्ये खोचलेल्या. म्हणजे ती डबी ईसीयूशी बोलूच शकत नव्हती, शिकवणार काय. आत दिवे लुकलुकवणारं सर्किट, बस. लोहचुंबकाचं तर विचारूच नका, पेट्रोलवर त्याचा काही परिणाम होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर यंत्रं तपासलीयत, आणि त्यातल्या फार थोड्यांचा काही फायदा दिसला, तोही किरकोळ. हे सगळं इंटरनेटवर आहे, घेण्याआधी बघा, माझ्यासारखं नंतर नाही.

आणि आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल.

ठाण्यात गेले. बाकड्यावर बसवून ठेवलं. मग ज्यांच्यासमोर बोलावलं त्यांनी अर्ज न वाचता विचारलं, गाडी कौन से साल की है? २००९ म्हटल्यावर, "तो मैडम गाड़ी बेच दो ना, माइलेज की एफआयआर नहीं होती." मी म्हटलं ही मायलेजची नाही, फसवणुकीची तक्रार आहे, जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, खोटं दाखवून पैसे घेतलेत. तर म्हणे ये सिविल मैटर है, कंझ्यूमर में जाओ. लेखी द्या म्हटलं की एफआयआर होत नाही, ते दिलं नाही. अर्जाची पावतीसुद्धा भांडून घ्यावी लागली. तिथून मला ऑनलाइन फसवणुकीच्या खिडकीकडे पाठवलं कारण पैसे यूपीआयने गेले होते, आणि त्या खिडकीवर सांगितलं की तुम्ही दुकानात उभं राहून स्वतःच्या हाताने पेमेंट केलंत, हे ऑनलाइन नाही, ठाण्यात जा. मग बँक. बँक म्हणते व्यवहार तुमच्या पिनने झालाय, आम्ही काही करू शकत नाही, खातं कोणाचं आहे तेही सांगू शकत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात एफआयआर नाही तर पत्र कसलं. कोणालाच काही करायचं नाहीये, फक्त हे आपलं काम नाही एवढं सिद्ध करायचंय, आणि त्यासाठी प्रत्येकाकडे नियम तोंडपाठ आहे. शाळेतून अर्ध्या पगाराची रजा घेऊन माणूस उभा आहे, हातात पावत्या, डायरी, उघडलेली डबी, आणि समोरचा विचारतो दुकानाचा जीएसटी नंबर काय. तो असता तर तो चोर पळून गेला असता का? एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तर मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. कसलं निराकरण, कोणाचं? फोन केला तर सांगतात पक्कं बिल नाही म्हणून बंद केली.

आणि संताप याचा येतो की पक्कं बिल नाही हा माझा गुन्हा असल्यासारखं सगळे बोलतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा म्हणून लिहिलीय, कलम २ पोटकलम ४७. म्हणजे जे त्याच्या विरुद्ध जायला हवं ते माझ्या विरुद्ध लावतात. हे त्या खुर्चीवर बसलेल्यांना माहीत नसावं?

बिल मात्र मागाच. कच्च्या कागदावर लिहून देतील, घेऊ नका. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव दुकानाचं येतंय का ते पिन टाकायच्या आधी वाचा.

गाडीचं काय झालं ते थोडक्यात. रामबागेत एक जुने मेकॅनिककाका आहेत, आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं असं आमचे हे म्हणतात, पण ते काका तेव्हा गावी होते. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, ताई, टेम्परेचरचा काटा मध्यावर येतो का? येत नव्हता, राऊपर्यंत जाऊनही खालीच. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलेला. त्यामुळे इंजिन गरमच होत नाही, आणि ईसीयूला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय म्हणून ते जास्त पेट्रोल सोडत राहतं. मग गाडी जॅकवर घेतली तर मागचं एक चाक हाताने फिरेना, ब्रेक घासत होता, ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर जाम. थर्मोस्टॅट ७५०, कूलंट ४८०, व्हील सिलिंडर ६२०, मजुरी ७००. २,५५० रुपये. गाडी आता शहरात १३.१ देते, म्हणजे १४ मधून ई-२० चा हिशोब वजा केला की जेवढं यायला हवं तेवढंच. अ‍ॅव्हरेज पडलं तर आधी हे दोन बघा, काटा आणि चाकं. गाडी चालवून आल्यावर चाकांच्या रिमजवळ हात न्या, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथेच पेट्रोल जातंय. हवा दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच भरा.

माझी तक्रार आता ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, ई-जागृती पोर्टलवर घरून टाकता येते, व्यवहारापासून दोन वर्षांच्या आत. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, ती वेगळी. ९,८४९ साठी कोण एवढं करतं असं मला पुष्कळांनी म्हटलं, आणि ते लोक याच भरवशावर दुकान बदलत फिरतायत. तुमच्यापैकी कोणाकडे हिरव्या दिव्याची ती डबी असेल तर रागाने फेकून देऊ नका. डबी, खोका, पंपाच्या पावत्या, यूपीआयचा स्क्रीनशॉट ज्यावर नाव दिसतंय, सगळं ठेवा आणि स्वतःची तक्रार टाका. खातं तेच निघालं तर ठाण्यातला माणूस पुन्हा मला मायलेजची गोष्ट सांगू शकणार नाही.