पेरू आणि चिली: एकाच प्रवाहावरची मासेमारी

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाहणाऱ्या हम्बोल्ट या सागरी प्रवाहाचे थंड, पोषक पाणी पेरू आणि चिली या दोघांनाही लाभले असले, तरी त्यांच्या उत्पादनाचे आलेख निरनिराळ्या वळणांनी गेले आहेत. पेरूची मदार वीतभरही लांब नसलेल्या अँकोव्हेटावर असून हा मासा बहुतांशी मत्स्यपीठाच्या कारखान्यांत जातो. 1970 मध्ये 1 कोटी 20 लाख टनांवर पोहोचलेली त्याची मासेमारी बेसुमार उपशामुळे आणि 1972-73 च्या एल निनोमुळे कोसळली. पुढे ती सावरली, पण चढउतार थांबले नाहीत: 2023 मध्ये पिल्लेच फार आढळल्याने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगाम रद्द झाला. जाळ्यात 12 सेंटिमीटरपेक्षा लहान मासे वाढले की तो पट्टा तात्पुरता बंद करण्याची तेथील पद्धत मला शहाणपणाची वाटते.

चिलीची घसरण अधिक टिकाऊ ठरली. 1990 च्या दशकाच्या मध्यात 70 लाख टनांहून अधिक असलेले उत्पादन जॅक मॅकरेल हा मासा ओसरल्यावर निम्म्याहून खाली आले. तो देशाच्या सागरी हद्दीबाहेर दूरवर जातो, तेथे इतर देशांची जहाजेही तो पकडतात. त्यामुळे एकट्या चिलीने घातलेली मासेमारीची मर्यादा अपुरी पडली आणि 2012 मध्ये दक्षिण पॅसिफिकसाठीचा प्रादेशिक करार अमलात आल्यानंतरच साठा वाढू लागला.