बिलावर फुल्ली सिंथेटिक, चेंबरमध्ये ड्रममधलं ऑइल: जुन्या ऑक्टाव्हिया आरएसवाल्यांनो, सावध राहा

प्रकरण पुण्यातलं आहे. गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली. मालकाने ती घराजवळच्या एका मल्टिब्रँड गॅरेजकडे लावली. दर सर्व्हिसच्या बिलावर तीच ओळ असायची: ‘फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, ५ लिटर, ऑइल फिल्टर १’. (५डब्ल्यू-४० हा ऑइलचा ग्रेड: पहिला आकडा थंडीतला जाडपणा सांगतो, दुसरा गरम इंजिनातला.) एकदा घाट उतरून गाडी सिग्नलला थांबली आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा बझरसकट लागला. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर गेलाय. सेन्सर बदलला, ऑइलही पुन्हा ‘बदललं’. ८०० किलोमीटरच्या आत दिवा परत लागला. मग गाडी दुसरीकडे गेली आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं, उतरवला गेला.

गाडी लिफ्टवर घेतल्या घेतल्या निम्मं कोडं सुटलं. इंजिनाखालच्या प्लास्टिक कव्हरचे टी२५ स्क्रू गंजून बसले होते, त्यांच्या डोक्यांवर नवा ओरखडासुद्धा नव्हता. या गाडीत फिल्टर खालून निघतो, कव्हर न काढता तो बदलणं जवळपास अशक्य. म्हणजे बिलावरचे सगळे फिल्टर कागदावरच बदलले गेले होते. ऑइल डिपस्टिकच्या नळीतून सक्शनने ओढून वरून नवं ओतलं जात होतं. सक्शन ही पद्धत मुळात वाईट नाही, पण चेंबरच्या तळाचा गाळ तिने निघत नाही आणि फिल्टरला तर हातच लागत नाही.

चेंबर खाली आल्यावर तळाशी काळा, डांबरासारखा थर होता. ऑइल पंपाच्या सक्शनची जाळी अर्ध्याहून जास्त बुजलेली. गाळात प्लास्टिकचे तपकिरी तुकडे सापडले. या इंजिनात क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) यांच्यामध्ये टायमिंग बेल्ट असतो, पण दोन कॅम एकमेकांना एका छोट्या चेनने जोडलेले असतात. त्या चेनला ताण देणाऱ्या टेन्शनरच्या पॅडचे ते तुकडे. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब कमी पडला की चेन फडफडते, पॅड झिजतं आणि त्याचेच तुकडे जाऊन जाळी आणखी बुजवतात. टर्बोच्या शाफ्टमध्येही हाताला जाणवण्याइतका खेळ आला होता.

ऑइलची परीक्षा घरच्या फ्रीजरमध्येही झाली. दोन सारख्या काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत गाडीतून काढलेलं ८०० किलोमीटर चाललेलं ऑइल, दुसरीत खात्रीच्या वितरकाकडून आणलेलं ५डब्ल्यू-४०. रात्रभर उणे १८ अंशांत ठेवून सकाळी दोन्ही एकदम आडव्या केल्या. वितरकाकडचं ऑइल लगेच कडेला वाहत आलं. गाडीतलं जागचं हलायला तयार नव्हतं, हळूहळू सरकत राहिलं. ५डब्ल्यू ग्रेडचं ऑइल या तापमानाला असं वागत नाही. नमुना प्रयोगशाळेत दिला तेव्हा १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा जाडपणा, ५०च्या ग्रेडमध्ये निघाली. एसएई ४० साठी ती १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये असावी लागते, १६.३ च्या पुढे ५० चा पट्टा सुरू होतो. थोडक्यात, ड्रममधलं सुटं २०डब्ल्यू-५०. बोटांत चोळून किंवा रंग बघून यातलं काहीही कळत नाही. ऑइल काळं झालं म्हणजे वाईट असंही नाही, चांगलं ऑइल काजळी धरून ठेवतं म्हणूनच काळं होतं.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘जुनं इंजिन आहे साहेब, जाड ऑइलच बरं.’ या वाक्याला बरेच जण फसतात, कारण जाड ऑइल टाकलं की इंजिनाचा आवाज खरंच कमी होतो. पण सकाळी थंड इंजिन सुरू करताना जाड ऑइल कॅमपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि सर्वाधिक झीज त्याच काही सेकंदांत होते. शिवाय प्रश्न नुसत्या जाडीचा नाही. टर्बोतून जाताना ऑइल भयंकर तापतं. साधं मिनरल ऑइल तिथे जळून कोळसा धरतं, टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी आतून अरुंद होते आणि उरलेला कोळसा खाली चेंबरमध्ये येतो. याच १.८ टर्बोचा जो अवतार पासाट आणि ऑडी ए४ मध्ये उभा बसवलेला होता, त्यात ऑइल कमी मावत असे आणि गाळाच्या तक्रारींमुळे तो अमेरिकेत चांगलाच गाजला. ऑक्टाव्हियात इंजिन आडवं आहे, ऑइल जास्त मावतं, म्हणून ती थोडं जास्त सोसते. पण निष्काळजीपणा तिलाही सोसत नाही.

मग घ्यायचं कोणतं? कॅनवर व्हीडब्ल्यू ५०२ ०० चं अप्रूव्हल हवं; हे स्कोडाच्या मूळ कंपनीचं, फोक्सवॅगनचं ऑइलचं मानक. ‘अप्रूव्हल’ हाच शब्द शोधा. ‘मीट्स’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’ असं लिहिलं असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा आहे, गाडी बनवणाऱ्याची मंजुरी नव्हे. ५०२ ०० ची ऑइलं साधारणपणे एसीईए या युरोपियन कार उत्पादकांच्या संघटनेच्या ए३/बी४ वर्गातही बसतात, आणि त्यात १५० अंशांवर, जोरदार घर्षणाखाली मोजलेली व्हिस्कॉसिटी किमान ३.५ असावी लागते. टर्बोचं बेअरिंग वाचतं ते या आकड्यावर. ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी, ॲव्हरेज वाढेल’ असं म्हणत कुणी ०डब्ल्यू-२० पुढे केलं तर ते स्पष्ट नाकारा. त्या ग्रेडची हीच किमान मर्यादा २.६ आहे, हे इंजिन त्यासाठी बनलेलंच नाही. महाराष्ट्राच्या हवेत ५डब्ल्यू-४० उत्तम. इंजिन खरंच झिजलेलं असेल आणि ऑइल पीत असेल तर १०डब्ल्यू-४० चालेल, पण तेही त्याच मंजुरीचं.

स्कोडाचं नेहमीचं वेळापत्रक १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं होतं. ते नव्या इंजिनासाठी. वीस वर्षांच्या, शहरात रांगणाऱ्या टर्बो पेट्रोलला ७,५०० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. गाडी फक्त रविवारी निघत असेल तरी वर्षाला बदला. छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइल पुरतं तापत नाही, त्यात पाणी आणि पेट्रोल साचत जातं. किलोमीटर कमी झाले म्हणून ऑइल ताजं राहत नाही.

आता बदलताना काय बघायचं. फिल्टरसकट या इंजिनात साधारण ४.५ लिटर ऑइल मावतं, म्हणजे ४ लिटरचा एक कॅन आणि १ लिटरचा एक. बिल ५ लिटरचं असेल तर उरलेलं अर्धा लिटर कॅनचं झाकण घट्ट लावून तुमच्या डिकीत यायला हवं. ते आलं नाही तर एक तर ते लंपास झालं किंवा इंजिनात जास्तीचं ओतलं गेलं. दुसरी शक्यता जास्त घातक: पातळी वर गेली की क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

कॅन तुमच्यासमोर उघडायला लावा. झाकणाखालचं फॉइलचं सील शाबूत हवं. बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं हवं, बोटाने पुसलं जाणारं नको. बॅच नंबर बिलावर लिहून घ्या. कॅन स्वतःकडे घ्या आणि रिकामे झाले की चाकूने चिरून टाका, कारण बनावट ऑइल विकणाऱ्यांना खरे कॅनच हवे असतात आणि ते भंगारातूनच मिळतात.

फिल्टर बसवण्याआधी त्याच्या बुडावर पेंट मार्करने तारीख टाका, पुढच्या वेळी तोच निघतो का ते दिसेल. मूळ फिल्टरचा पार्ट नंबर ०६ए ११५ ५६१ बी. जागा असेल तर ०६८ ११५ ५६१ बी हा लांब फिल्टर त्याच आट्यांवर बसतो आणि ऑइल थोडं जास्त मावतं. स्वस्त फिल्टरमधली रबरी उलट-झडप नीट बसत नाही, मग रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी चेन खडखडते. ड्रेन प्लग ३० न्यूटन-मीटरला आवळायचा. चेंबर ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले की नवा चेंबर पडतो.

प्रेशरचा दिवा लागला असताना कुणी ‘इंजिन फ्लश मारू, साफ होईल’ म्हणालं तर गाडी तिथून उचला. फ्लशने गाळाच्या खपल्या सुटतात आणि थेट जाळीवर जाऊन बसतात. आधी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनाचा खरा दाब मोजायचा. तो कमी निघाला तर चेंबर उतरवायचा, जाळी बदलायची, टर्बोची नळी बदलायची, चेनचं टेन्शनर तपासायचं. चेंबर परत बसवताना सिलिकॉनची रेघ २ ते ३ मिलिमीटरच ठेवायची, जाड लावली तर आत सुटलेला सिलिकॉनच जाळी बुजवतो. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, इंजिन पेटू न देता सेल्फ मारायचा, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत.

फसवणूक झाल्याचा संशय असेल तर आधी ऑइलचा नमुना जपा. इंजिन गरम असताना ड्रेन होणाऱ्या धारेच्या मधलं १५० मिलिलिटर ऑइल स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या, त्यावर तारीख आणि मीटरचं रीडिंग लिहा. जुना फिल्टर, बिलं आणि कव्हरच्या गंजक्या स्क्रूंचे फोटो सोबत ठेवा. या प्रकरणात मालकाच्या बाजूने सगळ्यात भक्कम ठरले ते हे स्क्रूच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही.